केळीच्या चिकाला रंग असतो

संघटनेत मला पत्रक लिहायला शिकवलं तेव्हा नियम सरळ होते. वाक्य छोटं. मागणी ठळक. रडगाणं नको. हे पत्रक नाही, मागणी कोणाकडे करायची तेच मला कळत नाही. वाक्यं मात्र छोटीच येतील, सवय लागलीय.

माझी आई असोद्याला केळीच्या बागांमध्ये मजुरीला जाते. बुंध्याशी फुटलेली पिलं कापायची, वाळलेली पानं उतरवायची, आणि कापणी असली की घड डोक्यावर घेऊन बांधापर्यंत आणायचे. घड कापला की दांड्यातून चीक गळतो. गळतो तेव्हा पाण्यासारखा असतो, वाळला की तपकिरी होतो. कापडावरून तो जन्मात जात नाही. अंगावरून हळूहळू जातो. म्हणून आमच्याकडे केळीचे कपडे वेगळे असतात. बाया जुन्या साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात. आईच्या अंगावर आबांचा शर्ट असायचा. आबा म्हणजे माझे वडील. गावात कोणीही तिचा गळा बघून सांगितलं असतं की आज बाई कापणीवर होती.

आईचं माहेर शिंदखेड्याकडचं. तिकडे कापूस, बाजरी. केळी तिकडे हातगाडीवर पिवळी होऊनच येते. चीक तिकडे कोणाला माहीत नाही. सगळा घोळ एवढ्यातच झाला.

आम्ही केळीच्या मजुरांच्या नोंदणीसाठी आणि अपघाताच्या विम्यासाठी लढत होतो. मोबाईलवर काढलेले फोटो घेऊन एका साहेबांकडे गेलो, तर ते म्हणाले, "आजकाल मोबाईलवर काय, काहीही बनवता येतं." ते बोलणं आमच्या भाऊंना लागलं. भाऊ धुळ्याचे, संघटनेत जुने, रोलचा कॅमेरा बाळगणारे. त्यांच्या घरी न्हाणीच्या खिडकीला कायमचा पुठ्ठा मारलेला आहे, कारण तिथे ते रोल धुतात. बैठकीत ते म्हणाले, "आपण रोलवर फोटो काढू. मग कोणी बोलून दाखवावं. निगेटिव्ह खोटं बोलत नाही."

मी म्हटलं, "मग रंगीत रोल घाला. केळीची बाग आहे ती. हिरवा रंगच गेला तर राहिलं काय?"

"रंगीत म्हणजे कृषी प्रदर्शनाचं पोस्टर," भाऊ म्हणाले. "लोक बाग बघतील, बाई बघणार नाहीत. आपलं दुःख काळ्या-पांढऱ्यातच नीट दिसतं."

"आणि धुणार कोण?" दुसरा एक जण बोलला. "जळगावात आता रंगीत रोल धुतंय कोण? मुंबईला पाठवा, कुरिअरची वाट बघा, तोवर साहेबाची बदली होईल."

"हिला आईचा लग्नातला अल्बम पुरा करायचाय," तिसरा म्हणाला. सगळे हसले. हात वर झाले, ठराव झाला, काळा-पांढरा. मला तेव्हाही पटलं नव्हतं. दुःखाचा रंग बैठकीत हात वर करून ठरवायचा असतो का? पण बहुमत म्हणजे बहुमत, हेही मला त्यांनीच शिकवलं होतं.

भाऊ असोद्याला आले ते भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना. आई घड उतरवून नुकतीच बांधावर आली होती. कॅमेरा बघून म्हणाली, "थांबा भाऊ, हा शर्ट तरी काढते."

"राहू द्या मावशी. तोच पाहिजे."

"अहो, कॉलर बघा त्याची! लोक म्हणतील नवऱ्याला कपडे नाहीत."

"मावशी, हसू नका फक्त."

हसू नका म्हटल्यावर आईला जास्तच हसायला यायला लागलं. ती ओठ दाबून उभी राहिली. उन्हाने डोळ्यांत पाणी आलं होतं. मघाशी चिकाच्या हाताने घाम पुसला होता, त्याचा पट्टा डोळ्याखाली उमटलेला. गळ्यावर ओघळ, हनुवटीवर ठिपके. ओठ दाबलेले ते हसू आवरण्यासाठी, हे मला माहीत आहे. मी तिथेच उभी होते.

धुळ्यातला उन्हाळा, नळाला गरम पाणी. भाऊंनी रसवंतीतून बर्फ आणून औषधं थंड केली, रोल धुतला आणि फोटो चांगला कडक छापला, म्हणजे काळं ते कुळकुळीत, पांढरं ते पांढरंफेक. त्या फोटोत आईच्या डोळ्याखाली काळा डाग होता, गळ्यावर काळे वळ होते, अंगावर पुरुषाचा शर्ट होता, आणि ओठ असे मिटलेले की बाई काही सांगणार नाही. फोटो जबरदस्त होता. हे मी आजही म्हणते, चिडून म्हणते.

असोद्यात कोणाला काही वाटलं नाही. शेजारीण म्हणाली, "आक्का, हिरॉईनच झाल्या की!" आबांनी तर एक पोस्टर मागून घेतलं आणि स्वतः चहाच्या टपरीवर चिकटवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमचं माणूस आहे बरं का." आबा कमी बोलणारे. आवाज चढवायची वेळ आली की ते गोठ्यात जाऊन बसतात. त्यांचा हात मी कधी कोणावर उठलेला पाहिला नाही, बैलावरही नाही.

पोस्टरं जामनेरला लागली, धुळ्याला लागली, शिंदखेड्याच्या बसस्टँडवर लागली.

आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात आखाजीला लेक माहेरी जाते, तिचा भाऊ न्यायला येतो. दरवर्षी मामा यायचा, आई आणि आबा दोघं त्याच्यासोबत जायचे. आबांना तिकडे मान होता. जावई शांत आहे, दारू नाही, तोंडात वाईट शब्द नाही, म्हणून आजोळी त्यांचं नाव घ्यायचे.

त्या वर्षी मामा आला, पण ओट्यावरच उभा राहिला. आबा पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाले. मामाने तांब्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. आमच्याकडे पाहुणा पाणी नाकारतो म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगत नाही. तांब्या हातात धरून आबा तसेच उभे राहिले.

मामाने खिशातून घडी काढून उलगडली. पोस्टर होतं, भिंतीवरून ओरबाडून काढलेलं. "हाई काय शे?"

आई हसली. "केयीना चीक शे रे तो."

"डोयाखाले बी?"

"घाम पुसाले गऊ, हात लागना."

मामा तिच्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मोठी बी असंच सांगे."

मोठी म्हणजे आई-मामांची थोरली बहीण. मी तिला पाहिलेलं नाही. माहेरी आली की तिच्या अंगावर काहीतरी असायचं. विचारलं की म्हणायची, पायरीवरून पडले. म्हणायची, गाईनं ढुशी मारली. घरातले मान हलवायचे, मामाही हलवायचा. मामा तेव्हा तरुण होता, दर आखाजीनंतर तिला सासरी पोचवायला तोच जायचा. एका वर्षी त्याने पोचवली आणि नंतर तिची बातमीच आली. हे आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही.

आई म्हणाली, "मोठीनी गोष्ट अलग व्हती." तिचं हसू तोवर गेलं होतं.

"अलग काय? हसीसनच सांगे ती बी." मामा आबांकडे वळला. "दाजी, यंदा तुम्ही नका येऊ. हिला मी घेऊन जातो."

आबांनी तांब्या खाली ठेवला. म्हणायला काय होतं? मी मारत नाही, असं म्हणणाऱ्या माणसाकडे लोक कसं बघतात, ते मला सभांमधून माहीत आहे. मीच तसं बघते.

आई आबांकडे हात करून म्हणाली, "त्या नही तं मी बी नही."

मामा गेला. आईने खापरावर पुरणपोळ्या केल्या, रस केला. झोके बांधलेल्या लिंबाकडून बायांची गाणी येत होती. आई गेली नाही. आबा जेवले नाहीत.

पुढच्या आठवड्यात आबांनी बाजारातून आईसाठी नवा शर्ट आणला. काळा. जुने शर्ट त्यांनी बांधून पेटीत ठेवले. "काळ्यावर दिसत नाही," एवढंच म्हणाले. टपरीवरचं पोस्टर कोणी काढलं, मी विचारलं नाही.

मी धुळ्याला जाऊन भाऊंशी भांडले. म्हटलं, पोस्टरं उतरवा. भाऊ म्हणाले, साहेबांनी आता कुठे चर्चेची तारीख दिली आहे, आता कशी उतरवायची? "आणि हे बघ, तो फोटो आता तुझ्या आईचा राहिला नाही. चळवळीचा झाला."

"चळवळीला बाप नसतो भाऊ. मला आहे."

भाऊ वाईट माणूस नाही. म्हणाले, मी येतो, तुझ्या मामाला समजावतो. मी नको म्हटलं. फोटो काढणारा माणूस येऊन फोटोत काय आहे ते सांगणार, मग फोटो कशाला काढला? शेवटी त्यांनी फ्रिजमधून एक रंगीत रोल काढून कॅमेऱ्यासकट माझ्या हातात दिला. "तू म्हणत होतीस," एवढंच बोलले. माफी मागायची ती त्यांची पद्धत असावी. मला ती पुरली नाही.

पुढच्या कापणीला आईने मुद्दाम घडाचा दांडा गळ्याशी धरला, चीक ओघळू दिला, वाळू दिला. मग म्हणाली, "घे. काढ." मी आबांना म्हटलं, तुम्ही शेजारी उभे राहा.

"नको."

"आबा, तुमच्यासाठीच करतेय ना हे?"

"उभा राहिलो तं म्हणतील, दाखवायला उभा केला." ते कॅमेऱ्यामागे, माझ्या पाठीशी जाऊन उभे राहिले. आई त्यांच्याकडे बघत होती, म्हणून फोटोत ती कॅमेऱ्याच्या थोडी बाजूला बघते.

रोल मुंबईला गेला. फार दिवसांनी आला. फोटोत बाग हिरवीगार होती, शर्ट काळा, आणि गळ्यावरचा चीक चहाच्या डागासारखा, साधा, निरुपद्रवी. लहान मूलसुद्धा म्हणालं असतं, काहीतरी सांडलंय. मी तो फोटो घेऊन एसटीने शिंदखेड्याला गेले. भाऊंकडून आणलेली जुनी निगेटिव्हही बरोबर घेतली. पुरावा म्हणून. पुराव्यावर माझा फार विश्वास.

मामाने फोटो बराच वेळ पाहिला. त्याला पटावं असं त्यालाही वाटत होतं, हे मला दिसत होतं. मग तो म्हणाला, "हाऊ फोटो आत्तेना शे."

"मामा, दर कापणीला असाच डाग पडतो."

"पडत असेल. तवाचा हाच होता कशावरून?"

मी निगेटिव्ह काढून खिडकीच्या उजेडात धरली. तिच्यात सगळं उलटं असतं. आईचा चेहरा काळा, डोळ्याखालचा डाग पांढरा. मामाने वाकून बघितलं.

"याम्हा रंग कोठे शे?"

नव्हता. कुठेच नव्हता. त्या दुपारी तपकिरी काय होतं आणि निळं काय होतं, हे त्या रोलने टिपलंच नव्हतं. पुढे कोणी कितीही विचारलं तरी तो सांगू शकणार नव्हता. रंगीत रोल असता तर मामाने बसस्टँडवर ते पोस्टर पाहिलं असतं, बहीण ओळखली असती, दोन माणसांना अभिमानाने दाखवलं असतं आणि गाडी पकडली असती. एवढंच झालं असतं.

मामा म्हणाला, "तू मोर्चे काढते. बायांच्या बाजूनं भाषणं देते. आणि घरचं झाकते?"

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. मामी म्हणाली, "बस, पोरी, पाणी पी." मी जितकी ओरडले तितकं त्यांना खरं वाटत गेलं. मी खरं बोलत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रत्येक वाक्याने हरत होते.

आमच्या मागण्यांचं काय झालं? नोंदणी सुरू झाली. बैठकीत टाळ्या वाजल्या. कोणीतरी म्हणालं, त्या एका फोटोने काम केलं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि मला त्याबद्दल कोणी विचारलंही नाही.

दिवाळीनंतर मामाच्या मुलीचं लग्न निघालं. फोन आईला आला. आबा म्हणाले, "तू जाय. भाचीचं लग्न आहे." आईने पुष्कळ आढेवेढे घेतले, मग गेली. आबांनी तिला जळगावच्या स्टँडवर गाडीत बसवून दिलं, खिडकीतून पिशवी आत दिली, आणि गाडी हलायच्या आत मागे फिरले.

ती परत आली तेव्हा आम्ही ओट्यावर बसलो होतो. लग्न कसं झालं विचारलं, चांगलं झालं म्हणाली. जेवण, मांडव, नवरदेवाची उंची, सगळं सांगितलं. मग पदर सारखा करत म्हणाली, "हळदीच्या वेळी बाया पदर बाजूला करून गळा बघत होत्या माझा. मी म्हटलं, बघा बाई, काही नाही. तरी बघत होत्या."

आबा ऐकत होते. मग आईकडे वळून, अगदी मनापासून, जशी एखादी विसरलेली गोष्ट विचारावी तसं त्यांनी विचारलं, "कधी मारलं का वं मी तुले? आधीच्या काळात, कधी रागाच्या भरात? मले याद नाही. आसंल तं सांग."

"काय बोलता!" आई म्हणाली. "कधीच नाही."

आबांनी मान हलवली. ते अजून विचारतात. मध्येच, जेवताना, गुरांना चारा टाकताना. आई दर वेळी नाही म्हणते, आणि मोठीचं ऐकून मामा मान हलवायचा तशीच ते मान हलवतात.