मक्यातल्या पॅनलवरची सावली

रस्त्यात लिंबू-मिरची पडलेली दिसली की मुद्दाम तिच्यावर पाय देऊन जाणारी बाई आहे मी. आमच्या घरात अंगारे-धुपारे कधी शिरलेच नाहीत. त्यातून आयटीआय इलेक्ट्रिशियन, चितेगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला. बिघाड आहे म्हणजे कारण आहेच, एवढंच मला शिकवलंय. त्यामुळं हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय. पण जे झालं ते झालं...

मी राहते मुकुंदवाडीला. थोरला भाऊ — दादा — आणि वहिनी दौलताबादला. किल्ल्याच्या मागच्या अंगाला शेत आहे, तिथंच घर. रब्बीचा मका होता. कणसं धरली की रानडुकरं येतात आणि वावर लोळवून जातात, म्हणून दादानं कुंपणाला झटका मशीन लावलेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — पाटाएवढं सोलर पॅनल, त्यावर चार्ज होणारी छोटी बॅटरी, आणि मशीन तारेत थांबून थांबून झटका सोडतं. डुक्कर किंचाळून पळतं, मरत नाही. माणसालाही नुसता हिसका बसतो. सगळं मीच जोडून दिलं होतं.

फेब्रुवारीत दादाचा फोन. "अगं, तुझी बॅटरी भरंना."

"नवी आहे की रे!"

"नवी असू दे नायतर जुनी, संध्याकाळी बघावं तर मेलेली. अर्धा मका खाल्ला माझा डुकरांनी."

"पॅनल पुसतोस का?"

"तोंड पुसत नाय एवढं पॅनल पुसतो!"

रविवारी मीटर घेऊन गेले. आभाळात ढगाचं नाव नाही. पॅनल लोखंडी खांबावर, आसपास एक झाड नाही. मीटर लावला तर करंट छान येत होता. मग दुपार चढली आणि आकडा घसरायला लागला... थेट शून्याजवळ. मी मीटरला दोन शिव्या घातल्या आणि वर पॅनलकडं पाहिलं.

काचेवर हाताची सावली होती. मोठा पंजा, बोटं फाकलेली. पॅनलच्या एवढ्याशा भागावर सावली पडली तरी सगळं पॅनल बसतं, त्यामुळं करंट का गेला ते कळलं. पण वर हातच नव्हता! माझे दोन्ही हात मी मागं घेतले. दादा लांब बांधावर, कमरेवर हात ठेवून उभा. पॅनल खांबावरून काढलं, विहिरीपाशी भर उन्हात ठेवलं. सावली तिथंही आली. जमिनीवर नाही हं... फक्त काचेवर.

"दिसली ना?" दादा जवळ येऊन म्हणाला. "रोज येती. तुला आधी सांगितलं असतं तर मलाच येड्यात काढलं असतंस."

"दादा, हे काय आहे?"

"काय का असंना. मी आता मोटारीच्या लायनीवरून डायरेक्ट करंट सोडतो कुंपणात. मग बघू सावली काय करती ते."

इथं माझं डोकं फिरलं. मोटारीची लाईन तारेत सोडली की तो झटका राहत नाही. चिकटला तो संपला. "अरे, वहिनी रोज गवताला याच बांधानं जाते! मुडदा पाडायचाय का कुणाचा?"

"लई झालं. नाय करत बाई. आता गप."

पुढच्या रविवारी चार्ज केलेली बॅटरी आणून देते, तोवर दम धर, असं बजावून मी परतले.

त्या रविवारी मी बॅटरी गाडीला बांधतच होते, तर वहिनीचा फोन. आवाज रडवेला. "ताई, लवकर या हो. हे सकाळपासनं वायर ओढायलेत. माझं काहीच ऐकंनात."

गाडी कशी हाणली, आठवत नाही. पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. त्या आठवड्यात शेताला दिवसा लाईट होती. मोटारीच्या पेटीतून काळी वायर निघून गवतातून कुंपणापर्यंत गेलेली. आणि दादा कुंपणाकडं चालला होता. सावकाश, उजवा हात पुढं करून... समोरच्यानं हात दिल्यावर आपण करतो तसा. तारेपलीकडं नुसतं पडीक रान. कुणी म्हणजे कुणी नाही.

बेंबीच्या देठापासून ओरडले. त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्याच्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं, म्हणून पेटीकडं धावले आणि मेन स्विच खाली ओढला. त्याच क्षणी त्यानं तार धरली.

देवाची कृपा म्हणा, माझं नशीब म्हणा, तो पडला नाही. तार मुठीत घेऊन उभा होता आणि हसत होता. "सुटला की गं," हलक्या आवाजात म्हणाला. "धरलाच व्हता मी."

"काय धरला होतास?"

"हात. कवापासून बोलवत व्हता. तू मधीच लाईट घालवली."

थोरल्या भावाच्या कानाखाली मी आयुष्यात पहिल्यांदा वाजवली. मग त्याच्याच गळ्यात पडून रडले.

वायर काढताना पॅनलकडं लक्ष गेलं. काच स्वच्छ. चार्जिंगचा हिरवा दिवा लागलेला, बॅटरी गच्च भरलेली. सावली त्या दिवशी पॅनलवर आलीच नव्हती... तेव्हा कुठं मला खरं काय ते उमगलं. इतके दिवस कुणीतरी बॅटरी मारत होतं, ते डुकरांना मका खाऊ घालायला नव्हे. दादानं वैतागून तारेत मोटारीची लाईन सोडावी, म्हणून. कोण, कशासाठी, मला माहीत नाही.

डॉक्टर म्हणतात, उन्हाचा आणि ताणाचा परिणाम. असेलही. पण मीटरवरचा आकडा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय, त्याला काय म्हणू? कुंपण उपटून टाकलं, शेत पडीक ठेवलं, दोघांना मुकुंदवाडीला माझ्याकडं आणलं. दादा नीट जेवतो, बोलतो, मॅच बघतो. फक्त दुपार चढली की उठून चपला घालतो. कुठं निघालास विचारलं की शांतपणे सांगतो, "शेतात. वाट बघत असंल." वहिनी दाराला कुलूप घालते. मी कंपनीतून रोज दुपारी फोन करते, आणि ती उचलेपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो.

काल तिनं पहिल्याच रिंगला उचलला. म्हणाली, "ताई, आज ते दाराकडं गेलेच नाहीत. खिडकीपाशी बसलेत मघापासनं... उजवा हात गजातनं बाहेर काढून."

मी सुपरवायझरला न सांगताच घरी निघाले.