दोन मिनिटं पुढे

बंदराच्या रस्त्यावर, दोरखंडाच्या गोदामाला लागून, घड्याळजींचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढे एक काचेचं टेबल, मागे एक खोली आणि चारी भिंतींवर एकमेकांशी न पटणारी घड्याळं. मागच्या खोलीत घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसत, पुढे घड्याळजीबाई. कामाची वाटणी लग्नाच्या पहिल्या वर्षीच ठरली होती आणि एकतीस वर्षांत तिला कोणी हात लावला नव्हता. दुरुस्ती त्यांची, वेळ बाईंची. घड्याळजींनी घड्याळ चालू करून पुढे सरकवलं की बाई किल्ली देत, काटे लावत, फडक्याने काच पुसत आणि गिऱ्हाइकाच्या हातात ठेवत.

काटे लावताना मात्र त्या दोन मिनिटं पुढे लावत.

याची सुरुवात एका मास्तरांमुळे झाली. त्यांची सकाळची बस चुकली. घड्याळ अगदी बरोबर होतं, चूक मास्तरांच्या पायांची होती, पण ते दुकानात येऊन असे काही तणतणले की बाईंनी मनाशी ठरवूनच टाकलं. तेव्हापासून या दुकानातून निघालेलं प्रत्येक घड्याळ दोन मिनिटं पुढे असे. कोणाची बस चुकेना. या दुकानाच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणू लागले. घड्याळजींना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. आपण सेकंदासेकंदासाठी डोळे फोडायचे आणि बायकोने एका बोटाने सगळं बिघडवून टाकायचं, म्हणजे काय? पण गिऱ्हाईक वाढलं होतं, आणि बाईंशी वाद घालून आपण कधी जिंकल्याचं त्यांना आठवत नव्हतं. ते गप्प बसले. बाईंनीही विषय काढला नाही. दोघांनाही सगळं माहीत होतं, फक्त बोलणं झालेलं नव्हतं.

घड्याळजींचा खरा जीव होता जहाजांच्या घड्याळांत. ती मागच्या दाराने येत आणि मागच्या दारानेच जात. त्यांची वेळ जहाजावरचे लोक स्वतः लावून घेत, त्यामुळे बाईंच्या हाती ती कधी लागली नाहीत. समुद्रावर रस्ता नसतो, पाटी नसते, असं घड्याळजी जेवताना सांगत. पितळी यंत्राने सूर्याची उंची मोजायची, त्याच क्षणी घड्याळात बघायचं आणि आपण किती पश्चिमेला आलो ते काढायचं. घड्याळ चार सेकंद चुकलं की माणूस एक मैल चुकला. बाई ‘हं’ म्हणत आणि पुढचं वाढत. हे त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी घड्याळजींच्या डोक्यात किडा शिरला. आपण दुरुस्त केलेल्या घड्याळांवर शेकडो माणसं समुद्र ओलांडून गेली आणि आपण बंदराच्या भिंतीपलीकडे पाऊल टाकलेलं नाही, हे त्यांना सलू लागलं. त्यांनी होडीवाल्याकडून चौदा फुटांची, एका शिडाची होडी बांधून घेतली. तीन वर्षं दर रविवारी ती चालवली. लोक हसले, मग हसायचं विसरले. आणि एके दिवशी जेवता जेवता, मीठ मागावं इतक्या सहज, घड्याळजी म्हणाले की पुढच्या महिन्यात मी एकटा जाणार. पश्चिमेला बाराशे मैलांवर असलेलं एकुलतं बेट, वीस दिवसांचा प्रवास, वारा पाठीशी. पाणी पंचवीस दिवसांचं.

बाईंनी ताट बाजूला सारलं. “जा,” एवढंच म्हणाल्या आणि त्या दिवसापासून बोलायच्या बंद झाल्या.

अबोला कसा असावा, हे त्या घरात शिकावं. घरात तिसरं माणूस नाही, मग निरोप भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाला सांगितले जात. “घड्याळबुवा, वाढलंय म्हणावं.” “घड्याळबुवा, विजार वाळत घातलीय का?” असे सव्वीस दिवस गेले. घड्याळजींनी आपल्या हाताने एक घड्याळ तयार केलं, आठ दिवस तपासलं आणि निघायच्या आदल्या दिवशी, एकतीस वर्षांच्या सवयीने, न बोलता बाईंच्या पुढ्यात सरकवलं. वेळ लावणं बाईंचं काम. रेडिओ ते बरोबर नेणार नव्हते. खाऱ्या हवेत तो चार दिवस टिकत नाही, आणि टिकला तरी बडबडतो, असं त्यांचं म्हणणं. शिवाय घड्याळावरच जायचं होतं, तर रेडिओ कशाला?

बाईंनी त्या सकाळी दुकान उघडलं नाही. रेडिओ कानाशी घेतला, सातची टकटक ऐकली आणि शेवटच्या ठोक्याला बोट सोडलं. मास्तरांच्या त्या प्रकारानंतर पहिल्यांदाच बाईंच्या हातून एक घड्याळ सेकंदाचाही फरक नसताना निघालं. राग अजिबात ओसरला नव्हता. पण राग नवऱ्यावर होता, आणि चार सेकंदांचा मैल त्यांना पाठ होता. त्यांनी घड्याळ फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलं, डब्यात घातलं आणि डबा उंबऱ्याशी ठेवला. बोलल्या नाहीत. तोंड उघडलं असतं तर आधी रडू आलं असतं, आणि ते त्यांना परवडणार नव्हतं. घड्याळजी डबा उचलून गेले.

चौथ्या दिवशी होडीवाला गजराचं घड्याळ घेऊन आला. माणूस दिलदार, पण बोलायला लागला की थांबत नसे.

“वहिनी, काळजी करू नका,” तो स्टुलावर बसत म्हणाला. “पक्का माणूस आहे. निघताना मला काय म्हणाला माहितीय? म्हणाला, बायकोने घड्याळ दोन मिनिटं पुढेच लावलेलं असणार. विचारायची सोय नाही, अबोला आहे. मी आपली प्रत्येक वेळी दोन मिनिटं वजा करीन. बघा, किती ओळखून आहे तुम्हाला.”

बाईंच्या हातातलं गजराचं घड्याळ टेबलावर आपटलं. होडीवाला हसायचा थांबला.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “मी ते बरोबर लावलंय.”

होडीवाल्याला कळायला वेळ लागला, पण बाईंचा हिशेब तोवर झाला होता. दोन मिनिटं म्हणजे तीस मैल. घड्याळजी स्वतःला खऱ्या जागेपेक्षा तीस मैल मागे समजणार. बेट येईल तेव्हा त्यांना वाटेल, अजून अर्धा दिवस आहे. रात्र असेल तर शीड तसंच ठेवून निवांत झोपतील. बेट सपाट, दहा मैलांवरून दिसत नाही. ते मागे पडलं की पुढे नऊशे मैल काही नाही, आणि पाणी पाच दिवसांचं.

बाईंनी पदर खोचला, दुकानाला कुलूप घातलं आणि बंदराच्या कचेरीत गेल्या. तिथल्या कारकुनाने आधी ऐकून घेतलं आणि मग हसला. दोन मिनिटांनी काय होतंय, बाई? बाईंनी त्याच्याच टेबलावरचा गोल पेपरवेट उचलला, त्याच्या नाकासमोर फिरवला आणि पृथ्वी, सूर्य, चार सेकंद, एक मैल हे सगळं असं समजावलं की शेजारच्या टेबलावरची माणसंही उठून आली. ‘हं’ म्हणत काढलेल्या एकतीस वर्षांतला एक शब्दही वाया गेला नव्हता. कारकून ओशाळला. त्याने त्या बाजूच्या जहाजांना बिनतारी संदेश पाठवले. पण जाताना खरं तेच सांगितलं, की चौदा फुटांची होडी जहाजावरून दिसणं कठीण.

बाई घरी आल्या आणि रोजच्यासारखं दुकान उघडू लागल्या. फक्त एक फरक पडला. काटे पुढे लावायला त्यांचं बोट धजेना. घड्याळं बरोबर वेळेची जाऊ लागली आणि आठवड्यात गावभर बोंब झाली. बेकरीवाल्याच्या पावाची बस हुकली, शिंप्याची आगगाडी चुकली, मास्तर आता म्हातारे झाले होते, ते काठी टेकत येऊन पुन्हा तणतणले. घड्याळजी नसल्यामुळे दुकानाचा गुण गेला, असं सगळे म्हणाले. बाईंनी मास्तरांना बसायला स्टूल दिलं. पूर्वी त्यांनी मास्तरांना चांगलंच सुनावलं असतं.

विसावा दिवस आला आणि गेला. बाई कचेरीत जाऊन आल्या. एकविसावा गेला, बाविसावाही गेला. होडीवाला रोज येऊन स्टुलावर बसे आणि कधी नव्हे तो गप्प राही. पंचविसाव्या दिवशी बाईंनी स्वयंपाक केला आणि तसाच झाकून ठेवला. आज पाणी संपलं, हे त्यांना सांगायला कोणी नको होतं. आपल्या हट्टापायी हे झालं, असं त्यांना वाटत होतं. एक वाक्य बोललं असतं तर! ‘घड्याळ बरोबर आहे.’ चार वर्षांचं पोरही तीन शब्द बोलतं.

सत्ताविसाव्या दिवशी कारकून स्वतः धावत आला. बेटावरून फोन लावलाय, पोस्टात चला. बाई चपला न घालताच निघाल्या.

पोस्टातल्या लाकडी खोक्यात उभं राहून त्यांनी फोन कानाला लावला. तिकडून खरखर आली आणि खरखरीतून घड्याळजींचा आवाज.

“पोचलो,” ते म्हणाले. “काल संध्याकाळी.”

“घड्याळ बरोबर होतं,” बाई एका दमात म्हणाल्या. “मी बरोबर लावलं होतं.”

“कळलं मला.”

मग त्यांनी सांगितलं. बेट रात्री कधीतरी बाजूने निघून गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दिसायला हवं होतं, दिसलं नाही. दोन दिवस ते तसेच पुढे गेले. पाणी निम्म्यावर आणलं. मग संध्याकाळी पक्षी डोक्यावरून मागच्या बाजूला जाताना दिसले, थव्याने. पक्षी रात्री जमिनीकडे जातात. म्हणजे जमीन मागे होती. घड्याळजी होडीत बसून विचार करत राहिले. बेट मागे राहायचं तर एकच कारण. वजा केलेली दोन मिनिटं वजा करायलाच नको होती. त्यांनी होडी वळवली. वारा तोंडावर घेऊन, वेडीवाकडी वळणं काढत परत यायला चार दिवस लागले. शेवटी पिंपात पेलाभर पाणी होतं.

“तू एवढी चिडली होतीस,” घड्याळजी म्हणाले, “आणि तरी माझं घड्याळ खरं लावलंस. हे कळलं तेव्हा बसून रडलो.”

“मग निघताना विचारायचं नाही का?”

“तू बोलत होतीस का?”

बाहेर पोस्टमास्तर शिक्के मारत होता, त्याचे ठोके ऐकू येत होते.

“नव्हते बोलत,” त्या म्हणाल्या. “चुकलं माझं.”

एकतीस वर्षांत हे वाक्य त्या घरात कोणी ऐकलं नव्हतं. तिकडे घड्याळजींना सुचलं ते कामाचंच. किनाऱ्याला लागताना होडी उलटली, घड्याळ भिजून बंद पडलं होतं. रात्री उघडून वाळवलं, आता चालतंय.

“तिथे किती वाजलेत सांग,” ते म्हणाले. “लावून घेतो.”

बाईंनी मान वळवली. पोस्टाच्या भिंतीवरचं घड्याळ गेल्या वर्षीच त्यांच्या दुकानातून दुरुस्त होऊन आलेलं होतं. त्यात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

“अकरा वाजून आठ,” बाई म्हणाल्या. “दोन मी काढलीत. तुम्ही काढू नका.”

“लावलं,” घड्याळजी म्हणाले.