गैरहजर मुलींचा फोटो

वर्षाअखेरीस शाळेच्या कपाटात काय काय साचते, हे शिक्षिकेलाच ठाऊक असते. एकेकटी चप्पल, बिनझाकणाचा डबा, कुणाची तरी लाल रिबन. मालकीण येत नाही आणि वस्तू फेकवतही नाही. किस्स्यांचेही तसेच! आम्ही निवृत्त शिक्षिका एकमेकींकडे चहाला जमतो, तेव्हा त्यांतला एकेक बाहेर निघतो. मात्र सांगताना प्रत्येक जण पदरचे तिखटमीठ घालते, ते मला खपत नाही. म्हणून ढोमणे फोटोवाल्यांचे किस्से मीच एकदा नीट लिहून काढते. फोटोच्या दिवसाची सगळी व्यवस्था आमच्या शाळेत माझ्याकडे असे. तेव्हा हा अधिकारही माझाच.

काळ सत्तरच्या दशकातला. आमची मुलींची शाळा नागपुरात, महाल भागात. स्नेहसंमेलन आटोपले की जानेवारीत प्रत्येक वर्गाचा ग्रुप फोटो निघे. हे काम वर्षानुवर्षे बर्डीच्या बाजारपेठेतल्या एका मोठ्या स्टुडिओकडे होते. त्यांचा माणूस येई, "रेडी!" म्हणे, एकदाच बटण दाबी आणि पुढच्या शाळेकडे धावे. ज्या मुलीची पापणी त्या क्षणी मिटली, ती वर्षभरासाठी मिटली!

* * *

दिगंबर ढोमणे यांचा स्टुडिओ आमच्या शाळेजवळच्या बोळात होता. स्टुडिओ कसला, पडदा लावलेली एक खोली. लग्नसराईत बरे चाले. एरवी कॅमेरा रिकामा बसे. शाळांची कामे मिळाली नाहीत, तर दुकानाला कुलूप लावून मेहुण्याच्या आरागिरणीवर लाकडे मोजत बसावे लागणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. म्हणून एके दिवशी ते कोट घालून थेट मुख्याध्यापिकांपुढे उभे राहिले. आमच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत.

"बाई, मले फक्त एक वर्ग द्या."

"आमचे फोटोग्राफर ठरलेले आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या.

"ठरलेली लग्नंही मोडतात ना, बाई!"

"शाळा म्हणजे लग्न नव्हे."

"म्हणूनच त आलो. लग्नाचा फोटो बिघडला त दोन घरं रडतात. शाळेचा बिघडला त अख्खा मोहल्ला रडते!"

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की मुलाखत संपली, हे आम्हां सर्वांना माहीत होते. "आधी एखाद्या शाळेचे काम करून दाखवा," एवढेच त्या बोलल्या.

दुसरा कुणी असता तर हा नकार समजला असता. ढोमणे त्याला पुढच्या कामाचा पत्ता समजले!

* * *

त्यांचे आजोळ मिरचीच्या भिवापूरचे. तिथल्या एका शाळेतल्या गुरुजींना गाठून त्यांनी सातवीचा ग्रुप मिळवला. शाळेला लागूनच मिरची वाळवण्याचे मोकळे अंगण होते आणि मिरचीचा हंगाम ऐन भरात होता. गावातल्या माणसाने फोटोची जागा सकाळी वारा पाहून ठरवली असती. ढोमण्यांनी ती उजेड पाहून ठरवली!

मुले उभी राहिली. ढोमणे कॅमेऱ्यावरच्या काळ्या फडक्यात शिरले. इतक्यात वारा फिरला. पहिल्या रांगेतला एक शिंकला, मग त्याचा शेजारी, मग गुरुजी, मग अख्खी सातवी! आणि फडक्याच्या आत ढोमणे शिंकले, ते नेमके बटण दाबतानाच!

मग त्यांनी सगळा वर्ग देवळामागे नेऊन चांगला फोटो काढला. परंतु गुरुजींनी तो बाजूला ठेवला आणि शिंकेचा फोटो भिंतीवर लावला. "तो फोटो कोण्याही गावचा वाटते गा. हा भिवापूरचाच हाय!"

तीच प्रत घेऊन ढोमणे पुन्हा मोठ्या बाईंपुढे हजर! बाईंनी बराच वेळ पाहिले. "अहो, यात एकाचेही डोळे उघडे नाहीत!"

"बाई, तुमच्या स्टुडिओवाल्याच्या फोटोतही राहत नाहीत. माझ्यापाशी निदान कारण हाय!"

मोठ्या बाई हसल्या. मी त्यांच्या हाताखाली इतकी वर्षे काढली. दात दिसेपर्यंत हसताना त्यांना मी तेव्हा प्रथम पाहिले. पण काम? ते त्यांनी दिले नाहीच.

* * *

ढोमण्यांपेक्षा खमक्या त्यांच्या पत्नी, कमलताई. आमच्या शाळेत फोटो वाटले गेले, त्या दुपारी त्या मुद्दाम फाटकाशी आयांच्या घोळक्यात जाऊन उभ्या राहिल्या.

एक आई फोटो उलटसुलट करून पाहत होती. "काय वं, माझी पोरगी कुठं हाय यात?"

तिची शेजारीण म्हणाली, "कुठून राहीन? तिले गोवर आल्ता ना तवा!"

"मंग आता? वर्ग त बदलून जाईन तिचा!"

कमलताई तडक घरी गेल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या ठाकल्या. "तुम्ही वर्ग काहून मागून राहिले? वर्ग त्याईचेच राहू द्या. ज्या पोरी कोणाच्याच फोटोत नाहीत, त्या मागा!"

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपायच्या आत ढोमणे कचेरीच्या दारात होते. "बाई, मले तुमच्या गैरहजर मुली पाहिजेत."

हजर मुली नाकारायला मोठ्या बाईंपाशी शंभर कारणे होती. गैरहजर मुली नाकारायला त्यांना एकही सुचेना!

* * *

अशा रीतीने पाचवीपासून दहावीपर्यंतच्या, फोटोच्या दिवशी आजारी पडलेल्या, परगावी लग्नाला गेलेल्या, गणवेश वाळला नाही म्हणून घरी राहिलेल्या सर्व मुली कडुनिंबाखाली जमल्या. कमलताई फणी आणि रिबनी घेऊन आल्या होत्या. "वेणी वाकडी असली त माय फोटो घेत नाही," असे म्हणत त्यांनी प्रत्येकीची वेणी स्वतः घट्ट केली.

मी शिस्तीने रांगा लावल्या. माना सरळ, हाताची घडी, ओठ मिटलेले. ढोमण्यांनी फडक्यातून डोके बाहेर काढले.

"बाई, राग नका मानू, पण तुम्ही जरा त्या व्हरांड्याच्या खांबामागं जाता का?"

"का बरे?"

"तुम्ही समोर दिसल्या की पोरी परीक्षेले बसल्यासारख्या दिसतात!"

मी गेले. नियम असा की ज्याच्या हाती काम, त्याचा शब्द अखेरचा. आणि नियम मी स्वतःसाठीही मोडत नाही. खांबामागून मला ऐकू आले, "आता सगळ्या डोळे मिटा. मी म्हणीन तवाच उघडा. उघडले की समोर पाहायचं, खांबाकडं नाही!"

ते वाक्य मला आवडले नाही. फोटो मात्र आवडला! पाचवीची चिमुरडी दहावीच्या मुलीला बिलगून उभी होती, आणि प्रत्येकीचे डोळे टपोरे उघडे. पुठ्ठ्यावर खाली काय लिहायचे, हे त्यांनी मला विचारले. मी सुवाच्य अक्षरात लिहिले : 'गैरहजर विद्यार्थिनी'.

* * *

तो फोटो द्यायला ढोमणे आले, तेव्हा अंगणात वेगळाच तंटा पेटला होता. त्या दिवशी शिक्षिकांचा ग्रुप होता, आणि मोठ्या बाईंच्या उजव्या हाताची खुर्ची कुणाची, यावरून शिवणाच्या बाई आणि भूगोलाच्या बाई एकमेकींशी बोलेनाशा झाल्या होत्या. एकीची नोकरी जुनी, दुसरीची पदवी मोठी! स्टुडिओचा माणूस "तुमचं ठरलं की बोलवा," असे म्हणून निघूनही गेला होता.

ढोमण्यांनी एकच प्रश्न विचारला. "या शाळेत सर्वांत आधी कोण लागलं?"

सगळ्यांच्या माना एकदमच वळल्या, त्या घंटेकडे. घंटेखाली भागाबाई उभ्या होत्या, आमच्या शाळेच्या शिपाईणबाई. मोठ्या बाई स्वतः या शाळेत विद्यार्थिनी होत्या, तेव्हाही घंटा भागाबाईच देत.

"या मावशी, बसा!" ढोमण्यांनी खुर्ची झटकली.

भागाबाई घाबरून म्हणाल्या, "म्या बसली त घंटा कोण देईन जी?"

"मी देते," मोठ्या बाई म्हणाल्या. आणि ढोमण्यांनी दुकानातून कॅमेरा आणून फोटो काढल्यावर मधल्या सुट्टीची घंटा मोठ्या बाईंनी खरोखरच दिली. इतकी जोरात दिली, की शेजारची मुलांची शाळाही सुटली!

* * *

पुढच्या वर्षीचा फोटोचा दिवस. बर्डीच्या स्टुडिओचे मालक या वेळी स्वतः आले होते. वयस्क, रेशमी कोट, हातात काठी. 'एक फुटकळ फोटोवाला आपल्या शाळेत शिरतो आहे,' हे त्यांच्या कानांवर गेले होते. खुर्च्या लागल्या, बाके लागली, प्रार्थनेची घंटा झाली. आणि पाहतो तर काय, अर्धी शाळा गायब!

"गावात गोवराची साथ आहे की काय?" मोठ्या बाई धास्तावल्या. त्यांनी भागाबाईंना आसपास घरोघरी पिटाळले.

भागाबाई थोड्याच वेळात परतल्या, त्या मुलींचा एक मोर्चाच घेऊन. एकीलाही ताप नव्हता. कडक इस्त्रीचे गणवेश, घट्ट वेण्या, नव्या रिबनी! मागून एक आईही आली होती. तिने सरळ सांगून टाकले, "बाई, वर्गाचा फोटो नको हाय आम्हाले. पोरीले त्या गैरहजरवाल्या फोटोत यायचं हाय. म्हणून आज घरीच तयार करून ठेवली!"

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "गैरहजर राहण्यासाठी तयारी करून बसलात? समोर या! एकेक जण!"

एकेक मुलगी पुढे आली. शेवटची काही केल्या येईना. खांबाला घट्ट चिकटून उभी. मी तिचा हात धरून तिला उजेडात आणले, आणि मालकांची काठी खाली पडली.

"तू? काय वं, सकाळी रिक्षात मीच बसवून दिलं ना तुले?"

ती त्यांची सख्खी नात होती! आठवीतली. रिक्षातून ती शाळेऐवजी मैत्रिणीच्या घरी उतरली होती. मान वर करून तिने उत्तर दिले, "आबा, तुमच्या फोटोत दरवर्षी माझे डोळे मिटलेलेच येतात!"

मालकांनी काठी उचलली, आपल्या माणसाला कॅमेरा आवरायची खूण केली आणि मोठ्या बाईंकडे वळले. "त्याले बोलवा."

ढोमणे धावत आले. त्यांच्या मागे फणी घेऊन कमलताई. मोठ्या बाई म्हणाल्या, "ढोमणे, उद्यापासून या शाळेचे सगळे वर्ग तुमचे."

"उद्या काहून, बाई? पोरी आजच वेण्या घालून तयार हायेत!"

"पहिला ग्रुप कुठला घ्यायचा?" मी विचारले.

"गैरहजरवाल्यांचाच! त्याईनंच त शाळा देली मले."

मुली कडुनिंबाखाली धावल्या. मी न सांगता खांबामागे गेले. मालक जाता जाता थबकले. मग सावकाश चालत येऊन नातीच्या मागे उभे राहिले. ढोमण्यांनी फडक्यातून डोके काढून त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा आत घातले.

"डोळे मिटा सगळे… आता उघडा!"

तो फोटो आजही माझ्या भिंतीवर आहे. त्यातल्या एकूणएक मुलीचे डोळे उघडे आहेत. मिटलेले आहेत ते फक्त मालकांचे!