मास्तरांचा तुडतुडा

संग्रहालयात तिला सगळे तुडतुडेबाई म्हणायचे, आणि पाठीमागे नाही, अगदी तोंडावर. तिची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली. तिथे एक सूक्ष्मदर्शक, एक कुरकुरणारी खुर्ची आणि भिंतभर लाकडी खण. खणांत टाचण्यांवर ओळीने तुडतुडे, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. वरच्या मजल्यावर फुलपाखरं बघायला माणसांची रीघ लागायची. हिच्याकडे कुणी वळलंच, तर बहुधा स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारायला. तीही अशी बिलंदर, की रस्ता सांगण्याआधी एक तुडतुडा भिंगाखाली सरकवायची. "हा बघा, मागच्या पायाच्या टोकाशी हलणारा काटा. हा काटा असला की आमच्या घराण्यातला." बिचारा पाहुणा एका पायावर उभा राहून काटा बघायचा.

हा कोण, तो कोण आणि कोण कुणाच्या घरातला, हे ठरवणं हा तिचा धंदा. ऐकायला सोपं वाटतं. पण तुडतुडे रंगाने फसवतात, आकाराने फसवतात, आणि पंखांनी तर हमखास फसवतात. खात्री हवी तर नर लागतो. त्याच्या पोटाचं टोक कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचं आणि आतले बारीक, गळासारखे आकडे बघायचे, ते प्रत्येक जातीत वेगळे असतात. हातात नुसत्या माद्या असतील, तर शहाण्या माणसाने तोंड मिटून बसावं. नवी नवी नोकरीला लागली होती तेव्हा ती एवढी शहाणी नव्हती.

त्याच सुमाराला तिचं लग्न झालं. सासरे शिंपी, अख्खा रस्ता त्यांना मास्तर म्हणे. नव्या सुनेने एकदा सहज गाऱ्हाणं केलं, की किडे पकडायच्या विकतच्या जाळीला तळाशी कोपरा असतो आणि त्या शिवणीत किडे चेंगरतात. मास्तरांनी कानामागची पेन्सिल काढली.

"गिऱ्हाईक केवढं आहे?"

तिने दाखवलं. मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला. "याचं माप घ्यायचं म्हणजे टेपच दिसायची नाही," म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत गोल तळाची, दुहेरी शिलाईची अशी जाळी शिवून दिली की तिने ती नंतर कुणाला हातही लावू दिला नाही.

त्या जाळीने पहिल्याच खेपेला एका ओल्या कुरणात चार-दोन माद्या मिळाल्या. पंख आखूड, जेमतेम अर्ध्या पाठीवर येणारे. ओळखीच्या कुठल्याच तुडतुड्याशी जुळेना. तिने छाती ठोकून जाहीर केलं, की ही नुसती नवी जात नाही, अख्खी नवी प्रजाती आहे, म्हणजे जातींचं नवं घराणंच. नाव ठेवायची पाळी आली तेव्हा जाळीला स्मरून तिने मास्तरांच्या आडनावाला लॅटिन शेपूट जोडलं.

मग काय विचारता! मास्तर गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप गुंडाळायचे आणि विचारायचे, "माझ्या नावाचा एक प्राणी आहे, माहीत आहे का?" कमरेला टेप असलेला माणूस पळणार कुठे? सगळं ऐकूनच सुटायचा.

पुढे तयार कपड्यांनी शिंप्यांचं कंबरडं मोडलं. मास्तरांचे डोळेही थकले. दुकान गेलं, तिथे मोबाइलवाला आला, आणि नावाची पाटी भंगारात गेली. त्या दिवशी मास्तर ताटावरून अर्धवट उठले. हात धुताना म्हणाले, "पाटी गेली तर गेली. किड्यावरचं नाव तर कुणी उतरवत नाही ना?"

"छे हो, बाबा! एकदा लागलं की लागलं," ती म्हणाली. सासऱ्यांवर तिचा जीव होता, आणि त्या घडीला याहून खरं उत्तर तिला सुचलं नाही.

यंदा बसडेपोच्या मागच्या ओल्या गवतात तिला तेच आखूड पंखांचे तुडतुडे जिवंत सापडले. पुन्हा सगळ्या माद्याच. ती हरखली. घरी वाढवू, पिल्लांतून नर मिळेल, राहिलेलं काम पुरं होईल! गवतासकट चार कुंड्या गॅलरीत आल्या.

"माझी मंडळी घरी आली," मास्तर म्हणाले. नवरा म्हणाला, "मी घरी येतो तेव्हा असं कुणी म्हणत नाही."

तिला कामासाठी बाहेरगावी जायचं होतं. बारीक जाळीचं कापड सासऱ्यांच्या हाती देऊन तिने कुंड्यांना चार टोप्या शिवायला सांगितल्या. परत आली तर गॅलरीत एकच कुंडी, एकच टोपी, आणि आत पिल्लांची ही गर्दी!

"बाबा, बाकीच्या कुंड्या?"

"कापड चारांना पुरत नव्हतं. तिघांना पुरवलं असतं, पण चौथ्याने काय घोडं मारलं होतं? म्हणून सगळ्यांना एकत्र केलं. शिवाय गप्पा होतात."

कापड वाचवणं हाडात मुरलेलं, त्यावर कोण काय बोलणार? तिने हात जोडले. पिल्लं वाढली, कात टाकून मोठी झाली, आणि एका सकाळी ती टोपीत डोकावली तर आतले बहुतेक तुडतुडे लांब पंखांचे! पंख थेट शेपटीपलीकडे. आणि त्यांत नरही होते.

तुडतुड्यांची ही खोड तिला एव्हाना चांगली ठाऊक होती. दाटी झाली, खाणं कमी पडलं, की एकाच आईची पिल्लं उडून जायच्या तयारीने लांब पंख घेऊन येतात. मग आखूड पंखांवरून ठरवलेलं नवं घराणं कसलं?

"बाबा, बाहेरचे किडे आत शिरले असतील का हो?" तिने आशेने विचारलं.

"माझ्या शिलाईतून?" मास्तर ताडकन म्हणाले. "मुंगीचं पिल्लू शिरून दाखव, पुन्हा सुई धरणार नाही."

तो मार्गही मास्तरांनीच बंद केला. तिने नर संग्रहालयात नेला, उकळला, ग्लिसरीनमध्ये ठेवला. आकडे दिसले आणि तिने शेजारचा खण ओढून बघितला. तिथेही हेच आकडे होते. एका जुन्या, केव्हाच नाव मिळालेल्या जातीचे. तिचं नवं घराणं म्हणजे त्याच जातीतल्या आखूड पंखांच्या बायका! आणि शास्त्रात नियम साफ आहे: आधीचं नाव राहतं, नंतरचं जातं.

पुढचे काही दिवस तिने त्या नराची कुपी नावाची चिठ्ठी न लावता खणात लपवून ठेवली. शेवटी मास्तरांनीच गॅलरीत तिला पकडलं. ते सुईत दोरा ओवत होते.

"चहात साखर दोनदा पडतेय. काय झालंय?"

तिने सगळं सांगून टाकलं. मास्तर सुईकडेच बघत होते.

"म्हणजे पूर्ण बाही आणि अर्धी बाही. कापड एकच."

"एकच."

"आणि माझं नाव?"

"जुन्या नावाखाली बारीक अक्षरांत जाईल. पुसत नाहीत, बाबा. पण त्या नावाने कुणी हाक मारणार नाही."

दोरा काही ओवला जाईना. "हे अजून कुणाला कळलंय?"

"कुणाला नाही."

"कळेल?"

"हे किडे बघणारी जगातली माणसं या गॅलरीत मावतील. आपल्या हयातीत तरी नाही कळायचं."

"मग तू गप्प बसलीस तर राहील नाव?"

"राहील."

"आणि मी म्हटलं, तर बसशील गप्प?"

चुकीची चिठ्ठी दिसली की थोरामोठ्यांचेही किड्यांचे खोके परत पाठवणारी बाई ती. नाही म्हणायला तिने तोंड उघडलं. समोर मास्तर अजून तो दोरा सुईच्या भोकाशी धरून होते.

"बसेन," ती म्हणाली. खरंच बसली असती, हे तिचं तिलाच कळलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

मास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "माझ्या पोराने मला कधी वर्तमानपत्र आधी वाचू दिलं नाही. आणि तू..." त्यांनी सुई-दोरा डबीत टाकला. "पुरे. एवढं म्हणालीस, मला पोचलं. आता उसव ते. फक्त माझ्यासमोर नको. आत बसून लिही."

ती आत जाऊन लिहायला बसली. पहिलं वाक्य काही केल्या पुढे सरकेना. गॅलरीत मास्तर कुंडीला पाणी घालत होते, आणि त्यांचा आवाज आतपर्यंत येत होता.

"राहा रे बाबांनो. नाव दुसऱ्याचं निघालं म्हणून मी कुणाला घराबाहेर काढत नाही."