टिंबाची कळ

जिंतूरच्या ज्या सरकारी कचेरीत मी एकतीस वर्षं काढली, तिचं खातं मी सांगणार नाही. पेन्शन अजून तिथूनच येते. मी बन्सीधर, आवक-जावक बघायचो. म्हणजे आलेल्या कागदावर शिक्का मारायचो आणि जाणाऱ्या कागदावरही शिक्काच मारायचो. माझ्या समोरच्या टेबलावर दैवशाला कंठाळे बसायच्या. मराठी टंकलेखनाचं काम त्यांच्याकडे होतं.

त्या बोरीच्या. वडील मुंजाजी, घरची थोडी कोरडवाहू जमीन. बाई टायपिंग शिकल्या त्या भावामुळं. मुंजाजींनी मुलाचं, सटवाजीचं, नाव परभणीच्या टायपिंग क्लासात सहा महिन्यांसाठी घातलं होतं. आठव्या दिवशी सटवाजी 'बोटं दुखायलीत' म्हणून बोरीला परत आला. मुंजाजींना काही वाया गेलेलं बघवत नसे. त्यांनी उरलेले महिने मुलीला बसवलं, परभणीत मावशीकडं ठेवून. ती मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पास झाली आणि वर्षभरात नोकरीला लागली. पुढं कितीतरी वर्षं सटवाजी गावात सांगायचा की ती नोकरी खरं तर त्याची होती.

दैवशालाबाई टाइप करताना मशीनकडं बघायच्या नाहीत. नजर हस्तलिखितावर, बोटं आपली आपण चालायची. मशीन जुनं, काळं, लोखंडी, उचलायला दोन माणसं लागायची. ओळ संपत आली की त्याची घंटी आवारातल्या कडुलिंबाखालच्या माणसांनाही ऐकू जायची. त्या घंटीवरून लोक ठरवायचे की कचेरीत काम चालू आहे का नाही.

एकोणऐंशी सालच्या एप्रिलात नवीन मशीन आलं. शेवाळी रंगाचं, बसकं, गुळगुळीत. आमचे हेडक्लार्क माणिकराव यांनी त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. साहेबांनी एक बोट टेकवून 'श्री' काढला. त्यासाठी त्यांना तीन बटनं दाबावी लागली, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जुनं मशीन त्याच दिवशी रेकॉर्डच्या खोलीत गेलं आणि 'निर्लेखित' म्हणून नोंदलं गेलं. म्हणजे ते होतं, पण सरकारच्या लेखी नव्हतं.

पहिल्याच पत्रात बाईंना अडचण कळली. जुन्या मशीनवर आधी अक्षर मारायचं, मग टिंब. टिंब मागं त्या अक्षरावर बसायचं. नव्यात कुणीतरी शहाण्यानं ते उलटं केलं होतं. टिंबाची कळ उजव्या करंगळीखालून उचलून डावीकडं वर नेली होती, आणि टिंब आधी मारून अक्षर मागून मारायचं होतं. बोटांच्या सवयीनं गेलं की टिंब पुढच्या अक्षरावर पडायचं. त्या काळात विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा पेटलेला. रोज कुठला ना कुठला कागद त्या विषयाचा. सकाळपासून बाईंनी तीन पत्रं केली आणि तिन्हींत 'नामांतर'चं 'नामातंर' झालं.

बाई माणिकरावांकडं गेल्या. माणिकराव निजामाच्या अमदानीत कारकून म्हणून लागलेले, फायलीला अजून मिसल म्हणायचे.

"बोटं ऐकंना गेलीत," बाई म्हणाल्या. "कळ जाग्यावर न्हाई."

माणिकरावांनी चष्मा काढला. "दैवशालाबाई, मी उर्दूत मिसली लिहायचो. उजवीकडून डावीकडं. एक दिवस हुकूम आला, आता मराठी, डावीकडून उजवीकडं. अख्खा हात फिरवला मी. तुमाला एक टिंब फिरवता येईना?"

बाई परत येऊन बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा बटनांकडं बघत टाइप करू लागल्या.

त्याच महिन्यात पत्र्यांची यादी आली. आदल्या वर्षीच्या दंगलीत तालुक्यातल्या काही गावांत दलित वस्त्या जाळल्या होत्या. घर जळालेल्यांना छपरासाठी पत्रे आणि बल्ल्या द्यायच्या होत्या. चौसष्ट नावं. यादी परभणीला जाऊन मंजूर होऊन यायची, आणि रेशनकार्डावरच्या नावाशी अक्षर न अक्षर जुळायला हवी होती. वर ठळक सूचना होती, की खाडाखोड चालणार नाही.

बाईंनी यादी केली, मी शिक्का मारला, यादी गेली. माल तोवर आलाही होता. आमच्या आवारातच पत्र्यांची थप्पी लागली होती. पंधरा दिवसांनी यादी परत आली. अकरा नावांपुढं लाल शेरा होता, 'ओळख पटत नाही.' त्यातलं एक नाव चतुराबाई अंभोरे. यादीत ते 'अभोंरे' पडलं होतं.

चतुराबाई येलदरीच्या वाटेवरच्या एका गावच्या. पन्नाशीच्या असतील. भावाच्या अंगणात गोणपाटाचा आडोसा करून राहत होत्या. लाल शेऱ्याचं कळल्यावर त्या रेशनकार्ड फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या आणि बाईंच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"माझं नाव लिवता येत न्हाई का तुमच्या मशिनीला?"

"येतं. टिंब सरकलंय," बाई म्हणाल्या. "पुन्हा करून पाठवते."

"टिंबानं माणूस बदलतंय का?"

"कागदावर बदलतंय."

चतुराबाईंनी कार्ड पुन्हा फडक्यात बांधलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "घर जाळाय आले तवा कुणी कारड बघितलं न्हाई, बाई. पत्रे द्यायच्या टायमालाच बघायलाव."

मी खाली बघून शिक्क्याची शाई नीट करत बसलो. दैवशालाबाईंनी त्यांना बसायला स्टूल दिलं. चतुराबाई स्टुलावर बसल्या नाहीत. बाहेर जाऊन त्या पत्र्यांच्या थप्पीच्या सावलीला टेकल्या. तिथं पत्र्याचाच तवा झालेला, पण दुसरीकडं बसायला त्या तयार नव्हत्या.

दुसरी यादी बाईंनी एकेक अक्षर जपून केली. पूर्ण दिवस गेला. चतुराबाईंचं नाव बरोबर आलं, पण दुपारनंतर बोटं थकली आणि दोन खंदारे 'खदांरे' झाले. खोडून दुरुस्त करायची सोय नव्हती. यादी अख्खी परत आली. दोघांची ओळख पटेना म्हणून चौसष्टांचे पत्रे थांबले. पावसाळा तीन आठवड्यांवर आला होता. माणिकराव म्हणाले, "सावकाश करा. घाई कुणाला हाय?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाईंनी डबा उघडला नाही. शिपायाकडून रेकॉर्डच्या खोलीची किल्ली घेतली. मला म्हणाल्या, "बन्सीधरराव, एक हात लावता का?" मी लावला. जुनं मशीन आम्ही खिडकीपाशी आणलं. त्यांनी पदरानं धूळ पुसली, शिवणमशीनचं तेल दोन थेंब सोडलं, फीत बदलली आणि बसल्या. पाऊण तासात चौसष्ट नावं झाली. त्या पाऊण तासात त्यांनी एकदाही बटनांकडं बघितलं नाही. घंटी ऐकून लिंबाखालची माणसं उठून आत डोकावू लागली, की जेवणाच्या सुट्टीत कचेरी कशी काय चालू आहे.

ती यादी मंजूर झाली. चतुराबाईंनी आपले पत्रे बैलगाडीत स्वतः मोजून भरले. जाताना खिडकीशी आल्या. दैवशालाबाईंना म्हणाल्या, "आता बरोबर लिवलं का?"

"बरोबर लिवलं."

"मंग पयल्यांदा का न्हाई लिवलं?" एवढं विचारून त्या गेल्या. आभार वगैरे काही नाही. मला ते जरा लागलं. बाईंना लागलं नाही. त्या म्हणाल्या, "खरं हाय की त्यांचं."

गोष्ट इथं संपली असती. पण जुलैत जिल्ह्यावरून परिपत्रक आलं, की नवीन यंत्राबद्दल वापरकर्त्यांचे अभिप्राय पाठवा. सोबत छापील फॉर्म. यंत्राचं रूप, कळांची मांडणी, आवाज, हाताळणी, आणि एकंदर मत. प्रत्येकापुढं तीन पर्याय: समाधानकारक, उत्तम, अत्युत्तम. वाईट म्हणायची जागाच नव्हती. 'वापरकर्त्यांची संख्या' या रकान्यात साहेबांनी अकरा लिहिलं, कारण कचेरीत माणसं अकरा होती. मग अकरा फॉर्म भरणं आलं. चौकीदारानंही भरला. त्यानं रूप 'उत्तम' लिहिलं. रात्रभर त्याच्या राखणीत असायचं, त्यामुळं रूपाबद्दल बोलायचा त्याला अधिकार होता म्हणा. मी तोवर त्या मशीनला फक्त कापड झाकायला हात लावलेला. पाचही ठिकाणी 'अत्युत्तम' लिहून मी मोकळा झालो. चहा निवत होता.

दैवशालाबाईंनी फॉर्म कोरा ठेवला आणि मागच्या बाजूला स्वतःच्या अक्षरात लिहिलं. मशीन दिसायला चांगलं आहे. बटनं इतकी गुळगुळीत आहेत की घामाच्या दिवसांत बोट घसरतं. घंटी शेजारच्यालाही ऐकू येत नाही. टिंबाची कळ हलवताना रोज टाइप करणाऱ्याला विचारलेलं दिसत नाही. शेवटी लिहिलं, 'या कळीमुळे चौसष्ट कुटुंबांचे पत्रे दीड महिना आवारात पडून राहिले. अखेर यादी जुन्या यंत्रावर केली तेव्हा मंजूर झाली. ती कळ पूर्ववत करावी.'

मी वाचलं. म्हणालो, "बाई, शेवटचं वाक्य काढा."

"का?"

"जुनं यंत्र निर्लेखित हाय."

"यादी तर खरी हाय ना?" त्या म्हणाल्या आणि कागद माझ्या ट्रेमध्ये टाकला. मी शिक्का मारला. तेच माझं काम.

जिल्ह्यावर कुणीतरी ते वाचलं, हीच मोठी गोष्ट. टिंबाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं ते असं, की निर्लेखित यंत्राचा विनापरवाना वापर कुणाच्या आदेशानं झाला. साहेबांनी मेमो काढायला सांगितला. बाईंनाच त्यांचा मेमो टाइप करायला लावणं बरं दिसेना, म्हणून तो माझ्याकडं आला. मी दोन बोटांनी, जीभ दाताखाली धरून, दुपारभर त्याच अत्युत्तम यंत्रावर तो काढला, साहेबांची सही घेतली आणि समोरच्या टेबलावर नेऊन दिला.

बाईंनी तो दोनदा वाचला. मग माझ्या देखत उत्तर लिहिलं. 'सदर मेमो दैवशाला कठांळे यांच्या नावे आहे. या नावाची कर्मचारी या कचेरीत नाही. ओळख पटत नाही, म्हणून परत.'

माणिकरावांनी ते उत्तर वाचून खणात ठेवलं. नंतर खाली मान घालून हसले असं शिपाई सांगत होता, मी पाहिलं नाही. मेमो दुसऱ्यांदा काढला तो माणिकरावांनी हातानं लिहून.

शिक्षा काही मोठी झाली नाही. गोपनीय अहवालात शेरा पडला, 'नवीन यंत्रसामग्रीशी जुळवून घेत नाहीत,' आणि बढती मागं गेली, चार-पाच वर्षं. त्यांना टायपिंगवरून काढून आवक-जावकला दिलं. आता टायपिंगला कोण, हा प्रश्न आला, तेव्हा साहेबांनी त्या अकरा अभिप्रायांच्या कचेरीतल्या नकला मागवल्या. ज्याला यंत्र सर्वांत जास्त आवडलं होतं त्याची निवड झाली. पाचही ठिकाणी 'अत्युत्तम' लिहिणारा मी एकटाच निघालो.

पुढचे सहा महिने माझ्या हयातीतले वाईट महिने. मी मिनिटाला सहा शब्दांनी जात होतो. बाई माझ्या जुन्या खुर्चीत बसून धडाधड शिक्के मारायच्या आणि दुपारनंतर रिकाम्या असायच्या. एक दिवस त्या आपण होऊन उठल्या, माझ्यामागं उभ्या राहिल्या. "मनगट टेकवू नका. करंगळीला कामाला लावा." रोज अर्धा तास त्यांनी मला शिकवलं. ज्याच्या हातून त्यांचा मेमो निघाला होता त्याला. मी एकदा त्या मेमोची गोष्ट काढली, तर म्हणाल्या, "तुमी तरी काय करणार होता? 'कंठाळे' त्या मशीनवर येतच नव्हतं." माझी चूक त्यांनी कळीवर ढकलली. मी ती ढकलू दिली.

मी शिकलो. टिंब आधी, अक्षर मागून. मला दुसरी सवयच नव्हती, म्हणून ते लवकर बसलं. पाच वर्षांत मी पस्तीस शब्दांवर गेलो, तेही बटनांकडं न बघता.

चतुराबाई अधूनमधून कचेरीत यायच्या, कधी दाखल्याला, कधी कशाला. मी केलेला कागद त्या आधी बाईंच्या समोर धरायच्या आणि बाईंनी वाचून मान हलवल्याशिवाय घेऊन जायच्या नाहीत. पत्र्याचं घर उभं राहिलं होतं. पुढं त्यांच्या मुलानं त्याला विटांच्या भिंती बांधल्या.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. अर्धं जुनं, अर्धं नवं, असं लांबलचक नाव झालं. त्यासाठी सोळा वर्षं माणसं मेली, घरं गेली. दैवशालाबाई तोवर हेडक्लार्क झाल्या होत्या, माणिकरावांच्या खुर्चीत. परिपत्रक मी टाइप केलं, त्यांनी तपासलं.

त्याच उन्हाळ्यात तिसरं मशीन आलं. सोबत माहितीपत्रक होतं, की वापरकर्त्यांच्या मागणीवरून अनुस्वाराची कळ पूर्वीच्या जागी आणली आहे आणि क्रमही पूर्ववत, आधी अक्षर मग अनुस्वार, केला आहे. कुणाची मागणी, ते छापलं नव्हतं. बाईंनी ते वाचलं, घडी घालून फायलीला लावलं आणि मला मशीन दाखवून म्हणाल्या, "बसा."

मी बसलो. पहिल्याच ओळीत माझं टिंब सरकलं. पंधरा वर्षांची सवय ती. दुपारपर्यंत माझी पाच पत्रं वाया गेली. मी उठून त्यांच्याकडं गेलो. "बाई, कळ जाग्यावर न्हाई," असं मी म्हणालो आणि बोलता बोलता थांबलो.

त्या हसल्या नाहीत. टेबलाचा खण उघडून कोरा कागद काढला आणि माझ्यापुढं सरकवला. "लिहून द्या. जसं वाटतं तसं लिवा. मी पाठवते."

मी दीड पान लिहिलं. त्यांनी त्यातला एक शब्दही न बदलता स्वतःच्या सहीनं ते परभणीला पाठवलं. उत्तर आलं नाही. महिनाभरानं त्यांनी स्मरणपत्र काढलं, मग दुसरं, मग तिसरं. तिन्ही मीच टाइप केली. तिसरं होईपर्यंत माझा हात नव्या कळीला बसला होता. आता पाठवू नका, असं त्यांना सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण तोवर चौथं काढायला त्यांनी मिसल मागवली होती.