हुडकेश्वर ते महाल, बिनदुधाच्या चॉकलेट वडीसाठी

ओटा धुऊन झाला होता, कुंड्यांना पाणी घातलं होतं आणि मी मेथी निवडत खाली बसले होते. फोन शेजारी स्पीकरवर ठेवलेला. पलीकडे अमरावतीहून माझी भाची रजनी, माझ्या मोठ्या नणंदेची मुलगी, बोलत होती. बोलता बोलता म्हणाली, "आईचं वजन लई कमी झालं मामी. दूध सोडल्यापासून तिच्या अंगाले काही लागतच नाही."

मी म्हटलं, "पित्तासाठी सोडलं ना त्यांनी?"

"कोन म्हटलं? गयेला सोडलं. मामाच्या नावानं."

अर्धी मेथी निवडायची तशीच राहिली.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. गयेला पिंडदान झालं की आपल्या आवडीचा एक खाण्याचा पदार्थ तिथे सोडायचा, म्हणजे पुन्हा आयुष्यात खायचा नाही, अशी रीत आहे. हुशार माणसं कारलं किंवा फणस सोडून मोकळी होतात. आमच्या ताईंनी दूध सोडलं, आणि दुधाबरोबर दही, तूप, पेढा, बर्फी सगळंच. मला मात्र त्यांनी "मले पित्त होते वं" एवढंच सांगितलं होतं. तीन वर्षं मी त्यांना फोनवर ओव्याचं पाणी प्या म्हणून सांगत होते.

हे, म्हणजे माझे यजमान, जाऊन आता चार वर्षं झाली. तेव्हा ताई दोन महिने माझ्याजवळ राहिल्या होत्या. मी बोलतच नव्हते. त्या रोज सकाळी भाजी चिरायला बसायच्या आणि पेपर माझ्यापुढे टाकायच्या. "माह्ये हात गुतले आहेत. तू वाचून दाखव." मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढचं वाचन माझं मीच केलं, पुड्यांचे कागद, ह्यांनी वाचनालयातून आणलेली पुस्तकं. इंग्रजी अक्षरं तर ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून दुकानांच्या पाट्या वाचत शिकले. ताईंमुळे माझा आवाज परत आला. पेपरातल्या सोन्याच्या भावापासून सुरुवात झाली आणि हळूहळू मी जेवायलाही लागले. त्याबद्दल मी त्यांना कधी काही बोलले नव्हते. आपल्या घरांमध्ये आभार मानायची पद्धत नाही.

ताईंना चॉकलेट बर्फी फार आवडायची. हे दर भाऊबीजेला अर्धा किलो घेऊन जायचे. म्हणून मी ठरवलं की त्यांच्या घरी जाऊन दुधाशिवाय चॉकलेटचं काहीतरी करायचं आणि माझ्यासमोर त्यांना खाऊ घालायचं. शेजारची सून पल्लवी दूध, तूप, मध यातलं काहीच खात नाही. त्याला व्हीगन म्हणतात हे मला तिनेच सांगितलं. तिने खजूर, शेंगदाणे आणि कोकोची वडी शिकवली. तिच्या डब्यातल्या उरलेल्या कोकोवर मी दोनदा करून पाहिली. पहिल्या वेळी दाताला चिकटली, दुसऱ्या वेळी जमली.

पहिला दिवस

शहराच्या टोकाच्या हुडकेश्वरहून जुन्या शहरात ताईंच्या महालात जायचं तर सकाळी दहाच्या आत निघा. नंतर ऑटो भरायला वेळ लागतो. मी शेअर ऑटोने सक्करदऱ्यापर्यंत गेले, तिथून ई-रिक्षा. दोन्ही मिळून पन्नास रुपयांच्या आत काम झालं. महाल आधी लागतं, पण कोको घ्यायचा होता म्हणून मी पुढे इतवारीला गेले. इतक्या वर्षांत इतवारीत मी एकटी पहिल्यांदाच. आधी नेहमी स्कूटरवर मागे, पिशव्या मांडीवर.

रिक्षा एका गल्लीत हातगाडीसमोर अडकली. आमचा रिक्षावाला ओरडला, "सरकव ना गा, मुहूर्त पाहून राहिला काय?"

हातगाडीवाला मागे न बघता म्हणाला, "पाहूनच राहिलो. तुह्या लग्नाचा."

रिक्षातल्या चारही बायका हसल्या, मीसुद्धा. तिथेच उतरले आणि पायी गेले. इतवारीत पायीच बरं पडतं, फक्त पाय टेम्पोच्या चाकापासून सांभाळा. एका ठोक किराण्याच्या दुकानातून मऊ काळा खजूर आणि शेंगदाणे घेतले, तीळ आणि जवस घेतली. भुकेले असाल तर दुकानांच्या तोंडाशी पोह्यांच्या गाड्या आहेत. रस्सा वेगळा मागा, नाही तर पोहे त्यात बुडतात.

मग कोको मागितला. दुकानदाराने मागे हात घालून एक डबा पुढे केला. "ये लेके जाव बाई, बच्चे लोग खुश हो जायेंगे." डब्यावर तपकिरी पूड आणि वाफाळता कप. मी हिरवा ठिपका शोधला, तो होता. पैसे देऊन निघाले.

ताई महालात एका अरुंद गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. जिना उभा आहे, दोरी धरून चढावं लागतं. दार उघडल्यावर रजनीचं म्हणणं पटलं. ब्लाउजच्या बाह्या दंडावर सैल झाल्या होत्या.

"काहून वं मीना, फोन नाही न काही नाही?"

"वडी करायला आले."

"वडी कराले हुडकेश्वरहून आली? तिकडे गॅस नाही का?"

मी सांगितलं, चॉकलेटची आहे, दुधाशिवाय. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मला कळलं आहे हे त्यांना समजलं. त्यांनी विषय वाढवला नाही, फक्त म्हणाल्या, "रजनीच्या पोटात काही राहत नाही."

तुम्हाला करायची असेल तर अशी करा. पाव किलो खजुराच्या बिया काढून तो अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा. वाटीभर शेंगदाणे मंद आचेवर भाजून सालं काढा. दोन चमचे तीळ आणि दोन चमचे जवस वेगवेगळे भाजा, जवस तडतडली की लगेच उतरवा. दाणे, तीळ, जवस मिक्सरमधून भरड काढा. खजूर घट्ट पिळून घाला, तीन मोठे चमचे कोको, चिमूटभर मीठ. पुन्हा फिरवा. गोळा हाताला चिकटत असेल तर खजुरात पाणी राहिलं आहे, थोडे दाणे वाढवा. ताटाला शेंगदाण्याचं तेल लावून थापा आणि तासभर ठेवून कापा. साखर लागत नाही. ताईंनी संत्रं सोलता सोलता थोडी साल किसून वरून घातली. ते पल्लवीच्या कृतीत नव्हतं, पण घालाच.

ताईंचा हात भराभर चालत होता. वड्या कापल्या, त्यांनी कडेची एक उचलली. मग म्हणाल्या, "यात दूध नाही ना?"

"नाही ताई. हिरवा ठिपका पाहून घेतला."

"तरी वाचून दाखव. काय काय हाय त्यात."

मी पिशवीतून चष्मा काढला आणि डबा उजेडाकडे धरला. अक्षरं मुंगीएवढी, तीही इंग्रजी. साखर. कोको. मग एक लांब शब्द. अक्षर अक्षर जोडत गेले. मिल्क सॉलिड्स.

पल्लवीच्या डब्यावर नुसतं कोको लिहिलेलं होतं. हा कोको नव्हता, दुधात घालून प्यायची चॉकलेटची पूड होती. आणि हिरवा ठिपका म्हणजे अंडं-मांस नाही एवढंच. दूध त्यात बसतं. हे मला माहीत होतं आणि तरीही दुकानात आठवलं नाही.

ताईंच्या हातात वडी तशीच होती. "काहून थांबली?"

तो शब्द गाळून पुढचा वाचता आला असता. खरं सांगते, तसं मनात आलं. त्यांच्या बाह्या मला दिसत होत्या. दुधाची पूड ती किती, आणि चार घास पोटात गेले असते.

"ताई, ठेवा ती. यात दूध आहे."

त्यांनी वडी ताटात ठेवली. मोरीत जाऊन हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले. खूप वेळ नळ चालू होता. मी ओट्याजवळ उभी होते. कामही बिघडलं आणि त्यांचं मनही दुखावलं, दोन्ही एकाच दुपारी.

बाहेर येऊन पदराला हात पुसत म्हणाल्या, "तू सांगतलं नसतं त मले समजलं असतं का?"

"नसतं."

"मंग काहून सांगतलं?"

"तुम्ही मला विचारलं होतं."

त्या बाजेवर बसल्या. म्हणाल्या, "गयेतल्या पंड्यानं इचारलं, काय सोडता. माह्या पुढच्या बाया पटापट सांगून राहिल्या, कारलं, वांगं, फणस. मले वाटलं, प्रकाशच्या नावानं फणस काय सोडू? मी खातो कुठं फणस."

ह्यांचं नाव त्या घरात कोणी घेतलं की आम्ही दोघी इकडेतिकडे बघतो. त्या दिवशी बघितलं नाही.

"मला का नाही सांगितलं?"

"तुले सांगतलं असतं त तूही काहीतरी सोडून बसली असती. तू तेव्हा जेवायले लागली होती नुकती."

ताटभर वड्या खालच्या भाडेकरूंकडे गेल्या. संध्याकाळच्या आत ताट धुऊन परत आलं, वर निरोप की पुन्हा कराल तेव्हा सांगा. ताई म्हणाल्या, "चला, कोणाच्या त पोटात गेल्या."

दुसरा दिवस

रात्री ताईंकडेच राहिले. सकाळी मी एकटीच इतवारीला निघाले होते. चपला घालत होते तर ताई साडी बदलून उभ्या. "तुह्या भरवशावर नाही सोडत. काल काय आणलं त पाहिलं मी."

दोरी धरून आम्ही जिना उतरलो, एक पायरी, मग थांबा. ई-रिक्षात बसल्यावर त्या गल्ल्या दाखवत गेल्या. इथे शिवणाचं सामान, इथे प्रकाशच्या मुंजीची भांडी घेतली, इथे तो लहानपणी हरवला होता आणि कापडवाल्याने त्याला गठ्ठ्यावर बसवून ठेवलं होतं. ही शेवटची गोष्ट मी लग्नाच्या बत्तीस वर्षांत ऐकली नव्हती. ह्यांनी कधी सांगितली नाही. लाज वाटत असेल.

केक-बेकरीच्या सामानाचं दुकान विचारत विचारत सापडलं. तुम्ही जाल तर असंच दुकान शोधा. तिथे कोको सुटा आणि डब्यात दोन्ही मिळतो आणि दुकानदाराला फरक माहीत असतो. सांगायचं, बिनसाखरेचा, बिनदुधाचा, नुसता कोको. मी डबा घेऊन हात लांब केला, मग जवळ आणला, मग चष्मा नाकावर खाली सरकवला.

ताई बघत होत्या. "हा प्रकाशचा चष्मा ना?"

"हो."

"तुले दिसते का यातून?"

"थोडं थोडं."

"चष्मा त्याचा, डोये तुह्ये. असं कसं जमन वं?"

दुकानदार हसला. मग त्यानेच डबा घेऊन वाचून दाखवला. एकच शब्द होता, कोको. ताईंनी त्याला दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

घरी येऊन पुन्हा तेच केलं. यावेळी दाणे ताईंनी भाजले, माझ्यापेक्षा खरपूस. थापून झाल्यावर तास पुरा व्हायची वाट त्यांनी पाहिली नाही. सुरीने एक कोपरा कापला आणि तोंडात टाकला.

"बर्फीसारखं नाही हे," त्या म्हणाल्या.

"नाही."

"कडू हाय जरासं." चावत राहिल्या. "पण चांगलं हाय."

दुसरी वडी त्यांनी स्वतः घेतली. तिसरी अर्धी करून मला दिली. मी खाता खाता म्हणून टाकलं, "ताई, तेव्हा तुम्ही मला जेवू घातलं होतं."

"मंग काय उपाशी ठेवू?" एवढं बोलून त्या डबा शोधायला उठल्या, वड्या भरायला.

दुपारच्या उन्हात परत निघाले. येताना महालातून थेट सक्करदरा आणि तिथून हुडकेश्वर, दीड तासात घरी. दोन दिवसांचा सगळा खर्च सामानासकट आठशेच्या आत झाला आणि त्यातला निम्मा खजूर-दाण्यांचा. लांबचा प्रवास नव्हता. पण ज्या रस्त्यांवर मी कायम कोणाच्या तरी पाठीमागे बसून गेले, तिथे विचारत विचारत पोचता येतं, हे कळलं. ताईंनी दूध सुरू केलेलं नाही आणि मी तसं म्हणणारही नाही. ते त्यांच्या भावाचं आहे. रजनीने संध्याकाळी फोनवर सांगितलं की आईने तिला कृती सांगितली आणि तिने ती लिहून घेतली आहे, जवस थोडी जास्त घालून.

ह्यांचा चष्मा मी त्याच्या डबीत ठेवून कपाटात ह्यांच्या घड्याळाजवळ ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मानेवाड्याच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन डोळे तपासून घेतले आणि माझ्या नंबरचा चष्मा करायला टाकला.