काळ्या पानांचा अंक

माझ्या आईला या वयातही कॉमिक्स लागतात. इतरांच्या आयांना सत्संग लागतो, मालिका लागतात, गुडघ्याला चोळायचं तेल लागतं. आमच्याकडे दर महिन्याला एक पार्सल येतं आणि त्यातून घट्ट कपड्यांतले तीन-चार जण बाहेर पडतात. चिक्कडपल्लीतल्या आमच्या इमारतीत हे सगळ्यांना माहीत आहे. पार्सल माझं असेल अशी त्यांची समजूत आहे, आणि पन्नाशीची, बिनलग्नाची, काचीगुड्याच्या विमा कचेरीत कागद फिरवणारी बाई हे असलं वाचते म्हणून ते माझी कीव करतात. मीही त्यांची समजूत दूर करत नाही.

मी शाळेत होते तेव्हा बाजारात भाड्याने कॉमिक्स देणारं एक दुकान होतं. आई माझं नाव सांगून हिंदी अंक आणायची आणि मला द्यायच्या आधी स्वतः वाचायची. माझ्या हातात येईपर्यंत अंक परत करायची वेळ झालेली असायची. गोष्टीचा शेवट काय झाला ते मला आईच्या तोंडून कळायचं, तेही "शेवट फालतू होता" एवढंच. समीक्षा म्हणजे काय ते मी तिथे शिकले.

दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या डोळ्याचं मधलं गेलं. मधलं म्हणजे असं, की समोर बघितलं तर मध्ये धुरकट डाग आणि भोवती सगळं नीट. माणसाचे खांदे दिसतात, तोंड नाही. पानाची कड दिसते, मजकूर नाही. डाव्याने बारीक अक्षर आधीपासूनच लागत नव्हतं. मग डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. आणि या उन्हाळ्यात, आई बाहेर डोळ्यात थेंब घालून बसलेली असताना, डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं की उजव्यात आता काही उपयोग नाही, आणि डाव्यातही तेच सुरू झालंय. दिवाळीपर्यंत टिकलं तर नशीब समजा. मी बाहेर आले. आईने विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "सुधारतंय म्हणाले. वेळ लागेल."

ते वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

तर रविवारी सकाळी, पोहे झाले की, मी आईला नवे अंक वाचून दाखवते. नवे अंक हा काय प्रकार आहे ते सांगायलाच हवं, कारण माझा अर्धा राग त्यांच्यावर आहे.

पहिला आमचा खांबवाला. विजेच्या खांबावर चढून शक्ती घेणारा हा मनुष्य माझ्या लहानपणी पानापानाला कुणाला तरी झटका द्यायचा. प्रकाशन बंद पडलं आणि तो वीस वर्षं खांबावरच राहिला. आता कुणाला तरी त्याची आठवण आली आणि शिळ्या कढीला ऊत आला. पण नव्या काळात नुसतं मारून कसं चालेल? त्याला आता दुःख झालंय. गेले चार अंक तो खिडकीत बसून आहे. मी वाचते, "खांबवाला खिडकीत बसलाय. बाहेर शहर जळतंय."

"मग?"

"मग पुढच्या चित्रात तो जवळून दाखवलाय. अजून बसलाय."

"लोकं मरू लागली आणि हा बसून काय करू लागला?"

"विचार करतोय, आई."

"बिल भरलं नसंल," आई म्हणाली. "लाइन तोडली असंल त्याची."

दुसरी, परदेशातून येणारी चिलखतवाली राणी. ही दर वर्षी मरते. मरायच्या आधी तीन महिने तशी जाहिरात होते, मरते तो अंक काळ्या पिशवीत बंद करून येतो, आणि सहा महिन्यांत ती परत येते, केस जरा वेगळे कापून. मागच्या वेळी तिचं मरण मी अगदी मन लावून वाचलं. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "या खेपेला किती महिन्यांची रजा आहे?"

तिसरा प्रकार बंगळुरूच्या मुलांचा. ही मुलं हुशार आहेत, कागद इतका जाड वापरतात की त्यावर पापड वाळत घालता येतील. एका गोष्टीला चार मुखपृष्ठं, चारही विकत घ्यावीत ही अपेक्षा. आत आधी प्रस्तावना, मग मनोगत, मग आईवडिलांचे, गुरूंचे आणि कॉफी पाजणाऱ्यांचे आभार, मग कुठे गोष्ट, आणि ती सुरू झाली असं वाटेपर्यंत संपते. नाकापेक्षा मोती जड. आईने मनोगतापर्यंत कळ काढली. आभार सुरू झाल्यावर म्हणाली, "लग्नपत्रिका आहे का काय ही? आमच्या येथे श्रीकृपेकरून वाच ना."

आईची ही मतं मी वाया जाऊ देत नाही. फोनवर हिंदी कॉमिक्सवाल्यांचा एक गट आहे. त्यात नोकरदार पोरं, दोन दंतवैद्य, एक बँकेतला माणूस आणि आम्ही. आई सांगते, मी तिचं दख्खनी हिंदी जसंच्या तसं टाइप करते. तिथे कुणी नाव-वय विचारत नाही. आईला सगळे 'भाई' म्हणतात आणि भाईला टरकून असतात. भाईने एखादा अंक फालतू ठरवला की दंतवैद्य आपलं मत बदलतात. आईला हे फार आवडतं. नातेवाइकांत तिचं कुणी ऐकत नाही, इथे तीसेक पुरुष ऐकतात.

हे सगळं हसत-खेळत चाललं होतं, पण वाचून दाखवणाऱ्याचा जीव जातो हे कुणी लक्षात घेत नाही. आजकालच्या कॉमिक्सला बोलायची लाज वाटते. पानंच्या पानं मुकी. एक डोळा, एक मूठ, एक ढग, एक कावळा. समोर आई कान देऊन बसलेली आणि मी सांगतेय, "कावळा. मग परत कावळा." तिच्या चेहऱ्यावरून मला दिसायचं की ती कंटाळली आहे, पण माझ्यासाठी गप्प आहे. तेव्हा मी थोडी थोडी भर घालू लागले. आधी कावळ्याला काव काव करायला लावलं. मग मुठीला एक शिवी दिली. आडात नव्हतं, तरी मी पोहऱ्यात काढून दाखवत होते.

आणि मग खांबवाल्याचा तो अंक आला. मुखपृष्ठावर लिहिलं होतं की हा अंक वाचायचा नाही, अनुभवायचा आहे. आत मधोमध सहा पानं कुट्ट काळी. चित्र नाही, शब्द नाही. शेवटी चित्रकाराची टीप होती: अंधारात जाणं म्हणजे काय ते वाचकाला कळावं म्हणून ही पानं. ती टीप वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्यांचे डोळे शाबूत आहेत त्यांची ही थेरं. तुला अंधार कळवायचाय ना, ये आमच्या घरी, पोहे खा, आणि माझ्या आईला सांग की तुझ्यासाठी खास सहा पानं आणली आहेत.

मी आईला ती पानं सांगितली नाहीत. त्या सहा पानांत मी खांबवाल्याला खिडकीतून उठवलं. नारायणगुड्याच्या चौकात आणलं, भर रहदारीत, बसच्या टपावर उभं केलं. शहरातली सगळी वीज एका क्षणासाठी गेली आणि पुढच्या क्षणी त्याच्या अंगात आली. त्याने खलनायकाला असा धरला की त्याच्या सोन्याच्या दाताचा बल्ब झाला. आई खुर्चीवर पुढे सरकली. शेवटी खांबवाला घरी जातो आणि त्याची म्हातारी आई त्याला विचारते, "जेवलास का?" हेही मीच घातलं.

आई खुर्चीत मागे टेकली. मग म्हणाली, "बऱ्याच दिवसांनी लिहिणारा शुद्धीवर आला बघ."

मी लाजले. खरंच सांगते, लाजले. आयुष्यात पहिल्यांदा तिने कुठल्या शेवटाला फालतू म्हटलं नव्हतं आणि तो शेवट माझा होता.

तिने लगेच गटावर टाकायला अभिप्राय सांगितला. सोन्याचा दात, बसचा टप, सगळं. मी टाइप केल्यासारखं केलं आणि नुसतं 'ठीक था' एवढं पाठवलं. पण भाईने फक्त 'ठीक था' म्हणावं हे गटाला पटेना. संध्याकाळी मी भाजी चिरत होते. फोन वाजला, आईने चाचपडत उचलला आणि आलेला आवाजी निरोप दाबून लावला. बँकेतला माणूस होता: "भाई, तुम ठीक था बोल रहे? वो छे काले पेज देखे क्या? पैसे ले के स्याही पिला रहे अपने कू!"

मी विळी आडवी केली. आईने फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "तो अंक आण."

मी आणला. ती गॅलरीच्या दारात गेली, अंक उजेडात धरला आणि मान वळवून डाव्या डोळ्याच्या कडेने बघू लागली. पान उलटलं. पुन्हा बघितलं. सहाही पानं तिने तशी बघितली. काळी पानं बघायला मधल्या नजरेची गरज लागत नाही, हे ना त्या चित्रकाराला सुचलं ना मला.

"बस कुठं आहे?" तिने विचारलं.

"नाही."

"दात?"

"नाही. मी घातलं ते. तुला कंटाळा येतो म्हणून."

मला वाटलं हसेल. निदान एखादा टोमणा मारेल, मीही मारीन, आणि आम्ही चहा टाकू. ती तशीच उभी होती. माझ्याशी बोलताना ती हल्ली माझ्या कानाकडे बघते, म्हणजे मग मी दिसते. तशी बघत म्हणाली, "कॉमिक्समध्ये एवढं घातलंस. मग डॉक्टरच्या तोंडी काय काय घातलंस?"

मी काहीतरी बोलायला सुरुवात केली. तिने हात वर केला.

"फाइल काढ. जसं आहे तसं वाच. कावळा असंल तर कावळा म्हण."

मी वाचलं. रिपोर्ट इंग्रजीत होता, मी मराठीत सांगत गेले, आणि या खेपेला माझ्याकडे घालायला काही नव्हतं. उजव्याचं सांगितलं, डाव्याचं सांगितलं. दिवाळीचंही सांगितलं, ते कागदावर नव्हतं तरी. सगळं झाल्यावर तिने फक्त एक विचारलं, "हे कधी म्हणाले?"

"दोन महिने झाले."

"दोन महिने," आई म्हणाली. खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. "दोन महिने मी काय बघितलं असतं, ते मला ठरवू द्यायचं नव्हतंस? भावाकडं जाऊन आले असते. तुझे बारशाचे फोटो काढून बसले असते. नसतं काहीच केलं. इथंच भाजीवाल्यापाशी उभी राहिले असते. पण मला माहीत असतं ना, की बघून घ्यायचंय. तू मला खिडकीत बसवून ठेवलंस."

मी म्हटलं की तुला त्रास होऊ नये म्हणून. हे वाक्य किती पोकळ आहे ते माझ्या तोंडातून बाहेर पडता पडताच मला कळलं. त्रास मला होणार होता. तिला सांगायचा. तो मी चुकवला आणि त्याची किंमत तिच्या डोळ्यांतून वळती केली.

त्याच आठवड्यात तिने मला रजा टाकायला लावली आणि आम्ही मामाकडे जाऊन आलो. तिथे ती त्याच्या कानाकडे बघत बसली होती आणि तो बिचारा सारखा कान पुसत होता.

परवाच्या रविवारी नवं पार्सल आलं. मी पोह्याच्या ताटल्या उचलल्या, चष्मा पुसला, खुर्ची ओढली. आई अंक घेऊन आधीच गॅलरीत जाऊन बसली होती. मान वाकडी करून, पान डोळ्याला जवळजवळ चिकटवून, एकेक चौकट कडेने शोधत होती. अर्ध्या तासात तिची दोन पानं झाली. मी दारात उभी राहून विचारलं, "वाचून दाखवू का?"

"नक्को," ती मान न वळवता म्हणाली. "तू फार छान करून सांगतेस."